रॅक गेला, की बूट फाटला?

[दृश्य: ठाणे, वागळे इस्टेट. लिफ्टवर चढवलेली हॅचबॅक, पुढची चाकं उतरवलेली.]

पावसाळा सरता सरता घोडबंदर रोडवरून येणाऱ्या गाड्यांची तक्रार ठरलेली असते: खड्ड्यात पुढून खडखड वाजतं आणि स्टिअरिंग जड लागतं. निदानही बरेचदा गाडी वर चढायच्या आधीच ठरलेलं असतं, रॅक गेला. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की आतला दातेरी दांडा सरकवून चाकं वळवणारा भाग. रॅक बदलणं हे हजारोंचं काम आहे, त्यामुळे आधी आवाजाचा पत्ता लावलेला बरा.

चाकं जमिनीवरच टेकलेली ठेवा. एकाने आत बसून स्टिअरिंग जेमतेम दोन बोटं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली टाय रॉडवर, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर, आणि रॅकच्या टोकाच्या घड्यांच्या रबरी आवरणावर, म्हणजे बुटावर, हात ठेवायचा. ठोका बोटांना कळतो. बुटाच्या आत लागला तर टाय रॉडचा आतला सांधा (इनर बॉल जॉइंट), चाकाजवळ लागला तर बाहेरचा सांधा (टाय रॉड एंड). बहुतेक गाड्यांना दोन्ही सुटे मिळतात. मग चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवा. तिथे ढिलं लागलं तर दोष बहुधा टाय रॉडकडे. बारा आणि सहावर ढिलं असेल तर व्हील बेअरिंग किंवा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट बघा. दोन्हीकडे काहीच नसेल तर लिंक रॉड, म्हणजे अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दांडा, तपासायची. स्वस्तातली ही लिंक रॉड हुबेहूब रॅकसारखी वाजते आणि तिच्यापायी चांगले रॅक भंगारात जातात.

[दृश्य: बुटाच्या घड्या, जवळून. एका घडीत नखाएवढी चीर.]

हा बूट लोहाराच्या भात्यासारखा चालतो. स्टिअरिंग वळवलं की एका बाजूचा दबतो, दुसऱ्या बाजूचा ताणला जाऊन हवा ओढतो. चीर पडलेली असेल तर हवेबरोबर रस्त्यावरचं पाणी आणि चिखलही आत. वंदना एसटी स्टँडजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली, तर ते पाणी थेट रॅक बारवर, म्हणजे रॅकच्या आतल्या दांड्यावर, जातं. बारच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि ऑइलवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तो बार प्रत्येक वळणाला ऑइल सीलमधून सरकतो. खड्ड्यांची धार सील कुरतडते, ऑइल बुटात उतरतं. खालची क्लिप सैल करून बूट दाबून बघा: थोडं ग्रीस चालेल, पातळ ऑइल नाही.

ऑइल निघालं तर सील किट टाकून भागेल का? बारवरून नख फिरवा. नख अडकलं, तर नवं सील फार दिवस टिकणार नाही, रॅकच बदला. आणि खडखड दाबायला रॅक गाइडचा (बार दाबून धरणाऱ्या भागाचा) स्क्रू आवळून देणाऱ्यापासून सावध राहा. आवाज जातो खरा, पण वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही.

[दृश्य: स्टिअरिंग सीटबेल्टने बांधलेलं.]

रॅक बदलताना चाकं सरळ, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली आणि स्टिअरिंग बांधलेलं हवं. रॅक सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरलं, तर एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी, क्लॉक स्प्रिंग, तुटते. टाय रॉड एंड काढण्याआधी किती आटे बाहेर आहेत ते मोजून खडूने खूण करा. पिनियन शाफ्ट (स्टिअरिंगकडून रॅकमध्ये येणारा दांडा) आणि त्याच्या जॉइंटवरही रंगाची रेघ ओढा. मग ऑइलचे दोन्ही पाइप, तो जॉइंट आवळणारा पिंच बोल्ट आणि रॅक धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सोडवा. काही गाड्यांत सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) खाली घेतल्याशिवाय रॅक बाहेर येत नाही.

जुन्या रॅकने घासलेला कचरा पाइपांत आणि ऑइलच्या टाकीच्या जाळीत साठलेला असतो. तो धुऊन काढल्याशिवाय नवा रॅक जोडणं म्हणजे पैसे पाण्यात. ऑइल कोणतं घालायचं ते टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये पाहा: बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना वेगळं हायड्रॉलिक ऑइल. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, सील फुगतात.

नवा रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वेढे मोजा, साधारण तीनच्या आसपास भरतात. निम्मे मागे घेतले की मध्य मिळतो. बसवायचा तो तिथेच. पाइपांना सीलिंग वॉशर नवे. टाय रॉड एंडच्या नटाची खाच कॉटर पिनच्या (नट अडकवणाऱ्या पिनच्या) भोकाशी जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका.

[दृश्य: टाकीत उठणारे बुडबुडे.]

हवा काढताना घाई नको. पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद. स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत हळूहळू पंधरा-वीस वेळा फिरवा आणि टाकीतली पातळी उतरू देऊ नका. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करून पुन्हा तेच. ऑइल दुधाळ दिसलं किंवा पंप कण्हायला लागला, तर हवा अजून आत आहे. टोकाला नेलं की दाब कमाल होतो आणि तिथे पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवलं तर पंप तापतो. पार्किंग करताना ही सवय अनेकांना असते.

हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ऑइलच नसतं, मदत मोटर करते. तिथे स्टिअरिंग जड झालं तर आधी बॅटरी, फ्यूज आणि डॅशबोर्डवरचा दिवा बघा. बूट आणि टाय रॉडची तपासणी मात्र तीच. स्टिअरिंग अँगल सेन्सर असेल तर काम झाल्यावर स्कॅनरने शून्य करून घ्यावा लागतो.

शेवटी व्हील अलाइनमेंट. मोजलेले आटे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरतेच. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहिलं, तर स्टिअरिंगचं चाक उपसून दाते बदलून बसवू देऊ नका. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवायला सांगा, एक आत, एक बाहेर. आणि ते फिरवताना बुटाची बाहेरची क्लिप आधी सैल करायला लावा, नाहीतर नवा बूट तिथेच पिळवटतो.