खर्डा हातावेगळा झाल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

कादंबरी लिहायला घेतलेल्यांशी आज मला बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त, ती अर्धी लिहून कपाटात ठेवलेल्यांशी. इतरांची बाडं वाचणं हे माझं काम, त्यामुळे अशी माणसं सारखी भेटतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी बँकेतल्या, कोणी पहाटेचं दूध डेअरीला घालून आल्यावर लिहिणारा. बहुतेकांची पहिली तीन प्रकरणं देखणी असतात. चौथं नसतंच. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "पहिलंच अजून मनासारखं जमत नाहीये."

ते आत्ता जमणारही नाही. शेवटी घर कोण सोडणार, वाडा विकला जाणार की राहणार, हेच ठरलेलं नाही, तर सुरुवात कुठून करायची ते कळणार कसं? तेव्हा पहिलं प्रकरण आहे तसं सोडा आणि पुढं चला. नायकाच्या जमिनीचा दावा कुठल्या कोर्टात चालेल हे माहीत नसेल, तर तिथं चौकट काढून 'विचारणे' एवढं लिहा आणि पुढचा प्रसंग घ्या. रोज ३०० शब्द, म्हणजे वहीचं दीड-दोन पान. सहा महिन्यांत ५४,००० शब्द होतात, छापील सुमारे २०० पानं. मध्ये लग्नसराई येणार, मुलांच्या परीक्षा येणार, घरात आजारपण निघणार. म्हणून आपण वर्ष धरू.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३मध्ये, पाच दिवसांत लिहिली. हे कळल्यावर काहींचा धीरच खचतो. पण आई जाऊन तोवर पंधराएक वर्षं उलटली होती. त्या आठवणी गुरुजी केव्हापासून मनात वागवत होते, ते त्या पाच दिवसांच्या हिशेबात येत नाही.

दुसरं उदाहरण हरिभाऊ आपट्यांचं. १८९०मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः छापली. छापलेला भाग वाचकाच्या घरी पोचलेला. पुढं लिहिताना मागचं काही बदलावंसं वाटलं, तरी ते हातातून गेलेलं. तुमचं तसं नाही. विसाव्या प्रकरणात सुचलेल्या गोष्टीची पेरणी दुसऱ्यात करायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. ही केवढी मोठी चैन आहे! आणि खर्डा संपला की चार शब्दांचं शुद्धलेखन तपासून लोक थेट प्रकाशकाचा पत्ता शोधायला लागतात.

तसं करू नका. खर्डा महिनाभर नजरेआड ठेवा. मग सलग वाचून काढा, दुरुस्ती न करता. जिथं कंटाळा आला तिथं समासात फुली मारा, बस्स. त्यानंतर एका कागदावर प्रत्येक प्रकरणाची एकेक ओळ लिहा: या प्रकरणाच्या आधी काय होतं आणि नंतर काय बदललं. ज्या प्रकरणाची ओळ लिहिताच येत नाही, ते झाकून बाकीचं वाचून पाहा. पुष्कळदा काही अडत नाही.

मग कालपट मांडा. कुणाचा जन्म केव्हा, लग्न केव्हा, कोण कुठल्या साली किती वर्षांचं. कंटाळवाणं काम आहे, पण तुमच्या-माझ्या कादंबऱ्यांतल्या सुनांची बाळंतपणं चौदा-चौदा महिने लांबतात ती इथंच सापडतात. गौरी जेवून उठतात आणि त्याच आठवड्यात अंगणातला आंबा मोहरतो. १९६५ सालचा नायक ट्रामनं दादरला जातो, आणि मुंबईची शेवटची ट्राम तर ३१ मार्च १९६४लाच धावून गेलेली. १९५५मध्ये गिरगावातली बाई भाजीवाल्याशी दहा नव्या पैशांवरून हुज्जत घालते. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला, तोवर आणे होते. पुण्यात नदीकाठच्या पेठेत गोष्ट घडत असेल आणि काळ साठीतला असेल, तर १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं हे तुमच्या पात्रांना माहीत असलंच पाहिजे. कोणाचं घर वाहून गेलं, कोणाच्या भिंतीवर पाण्याची खूण राहिली. अशा तपासणीत चूक तर निघतेच, कधी कधी नवा प्रसंगही हाती लागतो.

हाका तपासा. पहिल्या प्रकरणात सासूला 'आत्याबाई' म्हणणारी सून सातव्यात 'आई' म्हणते. लेखकाच्या ध्यानातून निसटलं असेल तर सरळ दुरुस्त करा. पण सुनेनं हाक मुद्दाम बदलली असेल, तर मधल्या पानांत काहीतरी मोठं घडलेलं आहे आणि ते तुम्ही लिहायचं राहिलं आहे. बोलीचंही तेच. 'ण'चा 'न' केला की गावाकडची भाषा झाली, असं मानणारी बाडं मी शेवटपर्यंत वाचू शकत नाही. मालवणची आजी विसाव्या प्रकरणात सदाशिव पेठेत राहायला गेल्यासारखी बोलायला लागली, तर तिचे सगळे संवाद वेगळ्या कागदावर उतरवून एका बैठकीत वाचा.

आणि वाचायचं ते मोठ्यानं. मायक्रोफोनसमोर बसणाऱ्या आम्हा लोकांना हे सक्तीनं करावं लागतं. तुम्ही फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ऐका. दम लागतो तिथं वाक्य तोडा. आई पदराला हात पुसत "जा बाबा, वेळ होईल" म्हणते, आणि खाली निवेदक सांगतो की तिला फार वाईट वाटलं. निवेदकाची ती ओळ काढून टाका, आई पुरेशी आहे.

यानंतर दोघांना वाचायला द्या, त्यातला एक तरी घराबाहेरचा हवा. "कशी वाटली?" असं विचारलं तर "छान" हेच उत्तर येतं. "वाचताना कुठं थांबलात?" असं विचारा. दोघं एकाच ठिकाणी थांबले असतील तर तिथं काम आहे. दोघांनी दोन वेगळी ठिकाणं सांगितली तर निर्णय तुमचा.

राहता राहिलं प्रकाशकाकडे पाठवणं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमधली अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नाहीत. प्रत्येक खर्ड्यावर तारीख घाला आणि एक प्रत घराबाहेर, मेलमध्ये किंवा भावाकडे, ठेवा. पैसे भरून छापायची वेळ आली तर किती प्रती, विक्री कोण करणार आणि हक्क कोणाकडे, हे लेखी घ्या. उत्तराला महिने लागतात. कोणाकडे कधी पाठवलं ते वहीत टिपून ठेवा आणि तीन महिन्यांनी एक फोन करायला संकोचू नका.

नमस्कार.