बाई, दाबायचं किती जोरात?

मंडळी, उन्हाळ्यात जळगावला व्याख्यान ठेवणाऱ्यांचं धाडस मोठं आणि ऐकायला येणाऱ्यांचं त्याहून मोठं. तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

मी धुळ्याला नर्सिंग शिकवते. ‘व्हीआर’चा, म्हणजे आभासी वास्तवाचा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. तरुण म्हणतात, आणाच. जुने म्हणतात, आधी मॅनिकिनचा, म्हणजे सरावाच्या पुतळ्याचा, निखळलेला हात बसवा. गंमत म्हणजे ही कल्पना जुन्यांच्याच वयाची आहे. आयव्हन सदरलँड यांनी 1968 साली छताला टांगलेला, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट करून दाखवला होता.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घ्या. 500 मिलीच्या वर गेला की धोका, हे पोरींना पाठ असतं. पण चादरीत मुरलेलं रक्त किती, हे नजरेला कळावं लागतं, आणि तो अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. अशी केस शिकाऊ मुलीच्या ड्यूटीत आली तरी तिला मागे सारतात, आणि तेच योग्य. इथे हेडसेट कामाला येतो. खोलीत ती एकटी, चादर लाल होत चाललेली, नाडी वाढतेय, मदतीला हाक तिनेच मारायची. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

पुढचं मात्र हाताचं काम. पोटावरून गर्भाशय चोळायचं. सैल असेल तर मळलेल्या कणकेसारखं लागतं, आकसलं की चेंडूसारखं टणक. हातातल्या कंट्रोलरची थरथर हा फरक सांगत नाही. आमच्या एका मुलीने हेडसेटमध्ये सगळं बिनचूक केलं आणि मॅनिकिनपाशी येऊन विचारलं, “बाई, दाबायचं किती जोरात?” मला तेव्हा कळलं की मी तिला अर्धंच शिकवलंय.

शिक्षक कुरकुरले की ‘यांना नवं नकोच’ असं बोललं जातं. हिशेब तरी करा. 60 मुली, 2 हेडसेट, प्रत्येकीला 10 मिनिटं: झाले 5 तास. त्यात तेल लावलेल्या वेण्या, घाम, काचेवर धुकं. दर खेपेला पुसायचं कुणी? दोघीतिघींना मळमळतं. डोळे सांगतात चाललोय, तोल सांभाळणारा कान सांगतो बसलोय. तोरणमाळच्या घाटात एसटीत होतं त्याच्या नेमकं उलट, उलटी मात्र तीच!

आणि त्यातली पेशंट बोलते इंग्रजीत. आमच्या वॉर्डातली म्हणते, “मनं पोट दुखी ऱ्हायनं.” धडगावहून आलेली पावरा बाई तर काही बोलतच नाही, नुसती बघते.

सध्या आम्ही असं करतो. एकीच्या डोळ्यांवर हेडसेट, बाकीच्या चौघी पडद्यावर बघत रक्ताचा अंदाज वहीत लिहितात. शेजारच्या टेबलावर मॅनिकिन. हेडसेट काढला की तिथे जायचं, पोटावर हात ठेवायचा आणि काय लागलं ते मोठ्याने सांगायचं. निखळलेला हात अजून बसायचाय.