लिव्हरच्या माणसाला उपाशीपोटी झोपू देऊ नका

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृताच्या एका आजाराच्या रुग्णांच्या जेवणाबद्दल. घरी असा माणूस असेल, तर रांधणाऱ्या-वाढणाऱ्यांनी रेडिओचा आवाज जरा वाढवा.

असा माणूस घरात असला की काय खाऊ नये, हे अख्खं गाव सांगतं. कधी खावं, हे कुणी सांगत नाही.

आपण जेवलो की यकृत साखरेचा थोडा साठा करून ठेवतं आणि रात्रभर तो हळूहळू रक्तात सोडतं. सिरॉसिसमध्ये यकृत घट्ट होतं, आकसतं. ही कोठी भरतच नाही. संध्याकाळी सातला जेवण, पहाटे नुसता काळा चहा, वावरातली न्याहारी दहाला. झाले पंधरा तास! धडधाकट माणसाची जी अवस्था दोन-तीन दिवसांच्या उपासानं होते, ती या रुग्णाची एका रात्रीत होते. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून साखर बनवतं. दंड वाळतात, गालफडं बसतात. पोटात पाणी असल्यानं वजनकाटा मात्र तोच आकडा दाखवतो, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही.

म्हणून झोपायच्या आधी साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे भाकरी-भातातला पिठूळ भाग, पोटात जायला हवीत. डबाबंद पावडरीची गरज नाही. ज्वारीची एक भाकर कपभर दुधात कुस्करून द्या. दूध पचत नसेल तर वरणात. मधुमेह असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. दिवसाही तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं नको. पोटात पाणी असलं की चार घासांतच तडस लागते, तेव्हा ताट भरून वाढू नका. थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

‘डाळ-अंडी बंद’ हा सल्ला आता जुना झाला. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. तुरीचं घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही, अंडी, सगळं चालतं. प्रथिनं पचताना तयार होणारा अमोनिया हा विषारी पदार्थ रक्तातून निपटायला स्नायूही हातभार लावतात, ते वाळवून कसं चालेल?

पोटात किंवा पायावर पाणी असेल तर मीठ दिवसभराचं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात पापड, लोणचं, ठेचा सगळं आलं. ठेच्याशिवाय भाकर उतरत नाही, ठाऊक आहे. लिंबू पिळा, लसूण-जिरं वाढवा.

एकादशी-चतुर्थीचे कडक उपास सोडा. देवाला कळतं, शेजारणीला समजावून सांगावं लागतं. आणि दारू, मोहाची असो की दुकानातली, थेंबभरही नाही.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.