सध्या काय वाचतेयस?

(मुंबईतल्या एका वाचनालयात वाचकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. मला दिलेला विषय 'वाचनसंस्कृती' असा होता. मी तो जरा लहान करून घेतलाय. पंचवीस वर्षं मी गोरेगाव ते चर्चगेट लेडीज डब्यातून नोकरीला गेले-आले. पुस्तकं आपल्यापर्यंत येतात कशी आणि आपण ती दुसऱ्याच्या हातात देतो कशी, हे मी त्या डब्यात शिकले. तेवढंच सांगणार आहे.

आम्ही सहा जणी. एकमेकींना हाका मारायच्या त्या स्टेशनाच्या नावानं. बोरिवली, कांदिवली, मालाड, मी गोरेगाव, मग जोगेश्वरी आणि अंधेरी. खरी नावं कळायला वर्ष गेलं असेल. आता मालाड वसईला राहते आणि अंधेरी मुलाकडे ठाण्याला, तरी नावं तीच आहेत. डब्यात कुणी मटार सोलायचं, कुणी डोळे मिटून स्तोत्र म्हणायचं, कुणाचं डोहाळजेवण व्हायचं. बोरिवलीला खिडकी मिळायची आणि तिच्या हातात कायम पुस्तक. चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेल्या मला तिनं पहिल्यांदा विचारलं ते हेच, "सध्या काय वाचतेयस?"

'कशी आहेस' असं विचारलं की आपण 'बरी आहे' म्हणतो आणि विषय संपतो. या प्रश्नाला 'बरी आहे' म्हणता येत नाही. 'काहीच नाही' म्हटलं तर त्यातही काहीतरी कळतं. ज्या महिन्यात माझ्या सासूबाई आजारी होत्या, त्या महिन्यात मी रोज 'काहीच नाही' म्हणत होते. पंधराव्या दिवशी बोरिवलीनं पुस्तकाचं बोलणं सोडून दिलं आणि अंधेरीपर्यंत माझा हात धरून बसली. तिला उत्तर मिळालं होतं.

दिवाळी अंकांचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमची खरी देवाणघेवाण तिथून सुरू झाली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या डब्यांशेजारी अंक आहेत. पण एका घरानं किती घ्यायचे? आम्ही ठरवलं, सहा जणींनी सहा वेगळे अंक घ्यायचे. भाऊबीज उलटली की पहिल्या कामाच्या दिवशी पिशव्यांतून अंक यायचे. सोबत चकलीची पुडी असायचीच. एक अंक एकीकडे एक आठवडा, मग पुढच्या स्टेशनाला. मार्गशीर्षातले गुरुवार संपता संपता सहाही अंक सहाही घरांतून फिरून मालकिणीकडे परत यायचे. काहींवर तेलाचे डाग, एकावर एकदा कुणाच्या तरी नातवाचा क्रेयॉन.

नियम एकच. अनुक्रमणिकेत आवडलेल्या मजकुरापुढे पेन्सिलीनं आपलं अक्षर घालायचं. बो, कां, मा, गो, जो, अं. शेरा लिहायचा नाही, तारे द्यायचे नाहीत, फक्त अक्षर. पहिल्या वर्षी मला ती गंमत वाटली. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की मी अक्षरं वाचायला शिकलेय. 'कां' असेल ती कथा रात्री वाचायची नाही, झोप जाते. 'जो' असेल तो लेख कितीही रुक्ष दिसला तरी वाचायचा, कारण जोगेश्वरी नकाशे आणि आकडे यांच्यातून गोष्ट बरोबर शोधून काढते. 'मा' आणि 'बो' एकाच ठिकाणी सहसा यायचे नाहीत. ज्या वर्षी ते एकत्र आले, ती कथा आम्ही सहाही जणींनी दोनदा वाचली. एवढ्याशा अक्षरानं मला जे सांगितलं ते कुठल्याच परीक्षणानं सांगितलेलं नाही, कारण त्या अक्षरामागची बाई मला ठाऊक होती. तिनं काय भोगलंय, कशाला हसते, कुठे गप्प होते.

म्हणून मला 'वाचलंच पाहिजे' हा शब्दप्रयोग आवडत नाही. तो ज्याला उद्देशून असतो तो माणूस बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच नसतो. आता फोनवर मुखपृष्ठाचा फोटो येतो, खाली 'अप्रतिम', मग आठ अंगठे. पाठवणाऱ्याचं प्रेम खरं असतं, मला त्याबद्दल शंका नाही. पण ते कुणासाठी आहे? कुठल्या पानावर तू थांबलीस? स्वयंपाक करताना त्यातलं काय आठवलं? हे विचारलं तर बहुतेक जण खूश होऊन उत्तर देतात. विचारत कुणी नाही एवढंच.

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. कांदिवलीची आई शेवटच्या आजारात होती. मी नुकतीच एक कादंबरी वाचली होती, मृत्यूवरची, फार ताकदीची. मला वाटलं, तिला आत्ता हीच हवी. तिच्या पर्समध्ये मी ती जवळजवळ कोंबली. चार महिन्यांनी, आई गेल्यावर, तिनं ती न वाचता परत केली आणि एवढंच म्हणाली, "तू तुला आवडलेलं दिलंस. मला काय झेपेल ते बघितलं नाहीस." मी रागावले नाही, पण घरी आल्यावर खूप वेळ त्याच वाक्याशी बसून होते. ते अगदी बरोबर होतं.

मग बोरिवलीनं तिला 'स्मृतिचित्रे' दिलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मकथन १९३४ पासून भागाभागांनी आलं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं १८९५ साली ख्रिस्ती होणं, त्यानंतरची ताटातूट, सगळी हलाखी. दुःखाची यादी करायला बसलं तर केवढी होईल. पण बाई ओसरीवर बसून शेजारणीला सांगावं तसं सांगते, आणि आपण भरल्या डोळ्यांनी हसत असतो. कांदिवली एक दिवस गाडीत वाचताना मोठ्यानं हसली. आई गेल्यानंतर आम्ही तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. बोरिवलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. पुस्तक कधी द्यायचं हे तिच्याकडून शिकावं.

आणखी एक प्रसंग सांगते. अंधेरीचं माहेर नागपाड्याच्या बाजूचं. एकदा मी तिला म्हटलं, अगं, 'बलुतं' वाचलंस का? दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ साली ग्रंथालीनं काढलं. ग्रंथाली त्याच्या चार वर्षं आधी वाचक चळवळ म्हणूनच सुरू झाली होती. पुस्तकात दगडू मारुती पवार दया पवारांना आपली हकीकत सांगतो, म्हणजे माणूस स्वतःच्याच टाकून दिलेल्या नावाशी बोलायला बसतो. त्यातलं लहानपण मुंबईतल्या नागपाड्याजवळच्या कावाखाना वस्तीतलं आहे आणि गावच्या महारवाड्यातलं. मी हे सगळं उत्साहानं सांगत होते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे पुस्तक मला नको सुचवू. तू वाच. नीट वाच. मग माझ्याकडे ये, मी बोलेन."

मी ते आधी वाचलं होतं, असं मला वाटत होतं. त्या आठवड्यात पुन्हा वाचलं आणि कळलं की पहिल्या वेळी मी ते 'महत्त्वाचं पुस्तक' म्हणून वाचलं होतं. या वेळी प्रत्येक पानावर माझ्या शेजारी रोज बसणारी बाई होती. तिच्या डब्यातली भाकरी मी किती वर्षं खात होते, आणि तिला घरातलं काय विचारायचं टाळत होते, हे मला त्या आठवड्यात दिसलं. शुक्रवारी मी तिच्याजवळ बसले आणि काही न सुचवता म्हटलं, "सांग." ती चर्चगेटपर्यंत बोलली. उतरल्यावरही आम्ही फलाटावर उभ्या होतो. दोघींनाही ऑफिसला उशीर झाला. पुस्तक माणसाकडे जायचा रस्ता होऊ शकतं हे मी तेव्हा पाहिलं, आणि तो रस्ता कधी कधी उलट दिशेनं चालावा लागतो.

आता वाचनालयाबद्दल, कारण आपण वाचनालयात बसलोय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. रेडिओ नव्हता, मराठी पुस्तकं थोडी होती, त्या काळात माणसांनी वर्गणी काढून ही घरं उभी केली. सहा जणींनी सहा अंक घ्यायचे हा आमचा हिशेब आणि त्यांचा हिशेब एकच आहे, त्यांचा फक्त शहराएवढा. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. त्यातला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. मला तिसरा जास्त जवळचा वाटतो. कपाटात वर्षानुवर्षं तारखेचा शिक्का न पडलेलं पुस्तक पाहिलं की मला वाईट वाटतं, लग्नघरात कुणीच न विचारलेल्या पाहुण्यासारखं ते उभं असतं.

आमच्या गोरेगावच्या लायब्ररीतले काका हा तिसरा नियम रोज पाळायचे. मी पुस्तक परत करायला गेले की ते शेवटच्या पानावरचा शिक्का बघायचे. तीन दिवसांत परत आलं असेल तर न बोलता आतून त्याच वळणाचं दुसरं आणायचे. मुदत उलटून गेली असेल तर विचारायचे, "जमलं नाही ना? सोडून द्या. पुस्तक रागावत नाही." अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल मोकळेपणानं बोलायला मला त्यांनी शिकवलं. आम्ही सहा जणी भेटतो तेव्हा सोडलेल्या पुस्तकांचीही पाळी असते. कुठे सोडलं, का सोडलं. एकीनं पन्नासाव्या पानावर सोडलेलं दुसरी हमखास मागून नेते.

मागून नेलं की वहीत लिहायचं. आमची लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आहे, किराणावाल्याकडे असते तशी. तारीख, पुस्तक, कुणाचं, कुणाकडे. मैत्रीत वही कशाला, असं सुरुवातीला जोगेश्वरी म्हणाली होती. माझं म्हणणं असं की वही असली म्हणून मैत्री टिकली. ज्या पुस्तकाची आठवण करून द्यायला संकोच वाटतो, ते पुस्तक दोन माणसांच्या मध्ये भिंतीसारखं उभं राहतं. वहीकडे बोट दाखवलं की संकोच संपतो. आता ती तिसरी वही चालू आहे. जुन्या दोन चाळल्या की आमची वयं दिसतात. मुलं लहान असतानाची वर्षं, मग मोकळी होतानाची, मग प्रकृतीच्या पुस्तकांची एक लाट, आणि आता परत कविता.

आम्ही आता सगळ्याच निवृत्त आहोत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, गोल बसून प्रत्येकीनं फक्त अलीकडचं वाचलेलं सांगायचं. कॉलेजात वाचलेलं सांगायला मनाई आहे. कथानक सांगायलाही मनाई आहे. कुठे थांबलीस ते सांग, आणि आमच्यापैकी कुणाला देशील ते नाव घेऊन सांग. नाव घ्यायचं म्हटलं की बोलणारी क्षणभर थांबते, सगळ्यांकडे एकदा बघते. ते बघणं मला फार आवडतं.

बोरिवलीला मात्र दोन वर्षांपासून वाचता येत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, मधली अक्षरं पुसट दिसतात. आम्हाला वाचायला लावलं तिनं, आणि तिचंच वाचन थांबलं. म्हणून आम्ही पाच जणींनी वार वाटून घेतलेत. रात्री नऊ वाजता जिची पाळी असेल तिनं फोन करायचा आणि अर्धा तास वाचायचं. माझा वार बुधवार. सध्या आमचं गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' चाललंय, १८६३ सालचं. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा दहाच वर्षं झाली होती. आमच्या विरारच्या मार्गावर पहिली लोकल धावली ती त्यानंतर, १८६७ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे हा माणूस जी मुंबई सांगतो त्या मुंबईत बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव कुणीच गाडीनं फोर्टात येत नाही. बाजार, तळी, देवळं, धंदे, माणसांच्या जाती-जमाती, सगळं तो हिंडून हिंडून सांगतो. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. मोठ्यानं वाचताना श्वास कुठे घ्यायचा ते शोधावं लागतं. मनात वाचताना मला ते कंटाळवाणं वाटलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. मोठ्यानं वाचल्यावर ते बोलायला लागलं.

बोरिवली मध्येच थांबवते. धोबीतलावाचं नाव आलं की तिथे ती कुठल्या इमारतीत टायपिंग शिकली ते सांगते. मग मी सांगते. अर्ध्या तासाचा दीड तास होतो, आणि पानं होतात जेमतेम चार. या बुधवारी तिनं विचारलं, "अगं, पण तू स्वतः सध्या काय वाचतेयस?" मी म्हटलं, हेच, तुझ्याबरोबर.

ते पुस्तक याच वाचनालयातलं आहे आणि ते माझ्या पिशवीत आहे. परत करायची तारीख आज आहे. आमचं अर्धंसुद्धा झालेलं नाही, तेव्हा ग्रंथपालांना विनंती, जाताना मुदत वाढवून द्यावी.