दाखल्यावरचं वय आणि अंगातलं वय

(दृश्य : पहाटेचा अजिंक्यतारा. डांबरी रस्त्यानं चढणारी माणसं.)

साताऱ्यात फटफटायच्या आत अजिंक्यताऱ्याची वाट माणसांनी भरते. एकाच वर्गात शिकलेले दोन गडी. एक गप्पा हाणत वर निघालाय, दुसरा वळणावर कमरेवर हात ठेवून धापा टाकतोय. शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल एकच. अंगातलं वय मात्र वेगळं.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांची संशोधक आजवर तपासणी करत आलेत. ती ३८ वर्षांची झाली, तेव्हा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडं, फुप्फुसं, अगदी हिरड्याही पाहून त्यांचं जैविक वय, म्हणजे अंगातलं वय, काढलं. कुणाचं तिशीच्या आत, कुणाचं साठीला टेकलेलं! पुढं ४५व्या वर्षी चाल मोजली. ज्यांचं शरीर लवकर झिजत होतं, त्यांची पावलंही संथ पडत होती.

(दृश्य : चुलीवरचा तवा, काळी होत जाणारी तंबाखू.)

हिरड्यांचं नाव निघालं की आपल्याकडं मिश्री आलीच. तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी चिमूटभर तळहातावर घेऊन बोटानं दातांवर फिरवायची. "त्याबिगर पोट साफ होत नाही गं," म्हणणाऱ्या आत्या-मावश्या घरोघरी भेटतील. घरातल्या पुरुषाच्या सिगरेटवर आपण बोलतो, आईच्या डबीवर कुणी बोलत नाही. पण मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या आकसतात, कर्करोगाचा धोका वाढतो.

तंबाखूच्या धुराची खूण तर थेट डीएनएवर उमटते. डीएनएवर मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके असतात आणि वयाबरोबर त्यांची मांडणी बदलते. स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ साली अशा ३५३ जागांवरून वय सांगणारं घड्याळ मांडलं. सिगरेट ओढणाऱ्यांच्या ठरावीक जागांवरचे ठिपके विरळ झालेले दिसतात. सिगरेट सोडली की वर्षागणिक ते बऱ्याच अंशी भरून येतात.

डीएनएवरून वय सांगणारी अशी चाचणी आता विकतही मिळते. आम्हाला विचाराल, तर पैसे वाचवा. एकाच रक्तावर दोन घड्याळं दोन वयं सांगू शकतात. त्यापेक्षा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. घरात डबी असेल, तर तिचा विषय काढा, पण आईवर खेकसून नव्हे. तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे : १८००-११-२३५६.