सस्नेह

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी पाच मिनिटं किती लांबतात हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

गेल्या महिन्यात आपण फूड पँट्रीसाठी, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या केंद्रासाठी, धान्य गोळा केलं. पिशव्या भरल्या आणि प्रत्येकीवर मंडळाचं स्टिकर चिकटवलं. त्यावर 'सप्रेम' छापायचं की 'सस्नेह', यावर कार्यकारिणीची पावणेदोन तास बैठक चालली. 'सस्नेह'साठी हटून बसलेली बाई मीच.

परवा माझा नऊ वर्षांचा मुलगा मित्राकडून खेळून आला. जेवताना म्हणाला, "आई, त्यांच्याकडे आपली पिशवी आहे. सस्नेहवाली."

म्हटलं, उरलेली नेली असेल.

"नाही गं, भरलेली होती. आणि ते आता दुसऱ्या काकांकडे राहतात, बेसमेंटमध्ये. चौघं एकाच खोलीत. मज्जा!"

माझा घास हातातच राहिला. कारण आठवडाभर आधी याच घराबद्दल मी म्हणाले होते, वर्गणी नाही, फोन नाही, मोठी झाली हो माणसं.

इथे अमेरिकेत एच-1बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, नोकरी गेली की नवी शोधायला नाहीतर देश सोडायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस. इथल्या निम्म्या लोकांनी ते कधी ना कधी कॅलेंडरवर मोजलेत. त्यात भाडं, त्यात विम्याचा हप्ता आता सगळा आपल्या खिशातून. आणि रविवारी गावी फोन लावायचा, "हो हो, सगळं मजेत." हे वाक्य बोलण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

मग मी जरा चौकशी केली. घर गेल्यामुळे दुसऱ्यांच्या घरी राहावं लागलेली मुलं 1987 च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार शाळेच्या लेखी 'बेघर' असतात. शब्द ऐकून मी दचकले. आपल्या डोळ्यांपुढे पुलाखालचा माणूस येतो, मुलाच्या वाढदिवसाला येणारं कुटुंब नाही. पण त्या एका शब्दामुळे मुलाला जुन्याच शाळेत राहता येतं, तिथवर ने-आण मागता येते, आणि नव्या शाळेत जायचं झालं तर कागदपत्रं अपुरी असली तरी लगेच नाव घालून घ्यावं लागतं. त्यासाठी प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एक लायझन, म्हणजे अशा मुलांची सोय बघणारा माणूस, नेमलेला असतो. शाळेतल्या मोफत जेवणाच्या अर्जात व्हिसा विचारत नाहीत. 211 हा मदतीचा फोन नंबर फिरवला तर भाडं, वीजबिल, पँट्री, निवारा यांसाठी जवळपास कुणाकडे जायचं ते सांगतात. घर खाली करण्याबद्दल कोर्टाचे कागद आले तर ते ड्रॉवरमध्ये सारू नका. उत्तराची मुदत फार थोडी असते. त्याच दिवशी लीगल एडला, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्यांना, फोन करा. आणि मदत घेतली तर ग्रीन कार्डाचं काय, ही शंका इमिग्रेशन वकिलाला विचारा. व्हॉट्सॲपवरच्या काकांना नको.

हे सगळं आपल्या वेबसाइटवर एका कोपऱ्यात तरी हवं होतं. तिथे ढोल-ताशा पथकाचे चारशे फोटो आहेत.

मंडळी, आपण हौशी आहोत, दिलदारही आहोत. पण आपण ज्याला देतो तो कायम कुणीतरी 'तिकडचा' असतो. पिशवी भरताना आपल्यापैकी एकाला तरी वाटलं का, की ही आपल्याच शेजारच्या खुर्चीवरच्या घरात जाईल? मला नाही वाटलं. वाटलं असतं तर ते स्टिकर लावलं असतं का? त्या माउलीनं पँट्रीच्या रांगेत पिशवी हातात घेतली, तेव्हा आधी 'सस्नेह' वाचलं असेल. पिशवी फिरवून धरली असेल का, हे राहून राहून मनात येतं.

काल मी तिला फोन केला. वर्गणीबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि घाबरून नेमकं तेच बोलले, "वर्गणीचं राहू दे हं." ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "नाही गं, देऊ ना. आमचं छान चाललंय."

मी म्हटलं, "बरं."

उरलेली स्टिकरं माझ्या घरी आहेत. दोनशे तरी असतील.