जागतिक बुद्धिबळात नशिबाचा वाटा किती?

श्रोतेहो, नमस्कार.

12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूरमध्ये दोम्माराजू गुकेश वयाच्या अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, तेव्हा परभणी-नांदेडपासून लातूर-धाराशिवपर्यंत आपल्याकडेही आनंद झाला. पण त्या आनंदात थोडी कुजबुजही मिसळलेली होती. "समोरच्यानं घोडचूक केली म्हणून पोरगा जिंकला, नशीब जोरावर होतं त्याचं", असे म्हणणारे मला बरेच भेटले, आणि त्यांत बुद्धिबळ बऱ्यापैकी खेळणारेही होते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ते अपुरे मात्र आहे, आणि कुठे अपुरे पडते हे कळण्यासाठी आधी तो डाव जवळून पाहायला हवा.

चौदा डावांच्या सामन्यातला तो शेवटचा डाव होता आणि विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा गुण या हिशेबाने तेरा डावांनंतर दोघांचेही गुण साडेसहा होते. पांढरी मोहरी चीनच्या डिंग लिरेनकडे होती. पटावर प्रत्येकाचा राजा, एक हत्ती आणि एक उंट उरला होता. गुकेशची प्यादी दोन, डिंगचे एक. अशी स्थिती नीट सांभाळली तर बरोबरीत सुटते, हे दोघेही जाणून होते. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव खेळावे लागले असते आणि त्या प्रकारात डिंगचे पारडे जड मानले जात होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने आपला हत्ती मारामारीसाठी पुढे केला. हत्ती पटावरून गेले आणि लगेच गुकेशने आपला उंट पटाच्या मध्यावर आणून डिंगच्या उंटासमोर उभा केला. डिंगचा उंट नेमका कोपऱ्यातल्या घरात असल्यामुळे त्याला पळायला वाट नव्हती. उंटही गेले. आता केवळ राजे आणि प्यादी राहिली, आणि तोवर निरुपयोगी वाटणारे ते एक जास्तीचे प्यादे निर्णायक ठरले. डाव अठ्ठावन्नाव्या चालीला संपला.

ती चूक क्षणभर आपल्याही लक्षात आली नव्हती, असे गुकेशने नंतर सांगितले. मग याला नशीब म्हणायचे का? एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तो डाव बरोबरीत सोडून देण्याची मुभा गुकेशला होती. त्याने ती घेतली नाही. आपल्याला धोका नाही पण समोरच्याला प्रत्येक चालीला विचार करावाच लागेल, अशी स्थिती त्याने दीर्घकाळ धरून ठेवली. डिंगच्या घड्याळावर थोडा वेळ उरला होता आणि गुकेशकडे भरपूर होता. चूक डिंगची होती, पण ती होण्याजोगी परिस्थिती तशी राखून ठेवणे हे गुकेशचे काम होते.

बुद्धिबळात फासे नाहीत, म्हणून त्यात नशीब नाही, असे सर्रास म्हटले जाते. आपल्या पैठण-आपेगावच्या परिसराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या ज्ञानेश्वरांना परंपरेने ज्याचे श्रेय दिले जाते तो मोक्षपट पाहा: तेथे शिडी मिळणार की साप गिळणार हे कवड्यांच्या दानावर ठरते, खेळणाऱ्याच्या अकलेवर नाही. बुद्धिबळाचेही एक चौघांनी खेळण्याचे जुने रूप फाशांवर चालत असे, आणि अल्-बिरुनीने अकराव्या शतकात त्याची नोंद केली आहे. पुढे फासे गेले आणि दोन्ही खेळाडूंसमोर सारे काही उघडे राहिले. परंतु उघडे असणे वेगळे आणि दिसणे वेगळे. 2014 साली सोची येथे जगज्जेतेपदाचा सामना बरोबरीत असताना, सहाव्या डावात मॅग्नस कार्लसनने राजाची अशी एक चाल केली, की विश्वनाथन आनंदच्या घोड्याला फुकटची प्यादी मिळत होती. आनंदने ते पाहिले नाही आणि कडेचे प्यादे पुढे सरकवले. तो डाव कार्लसन जिंकला आणि नंतर सामनाही. समोरच्याला न दिसलेली आपली चूक, हे माझ्या मते बुद्धिबळातले निखळ नशीब. गुकेशचा डाव त्या जातीचा नव्हता.

आता थोडे आकडे. खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या एलो रेटिंगच्या गणितानुसार दोघांमध्ये 400 गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूला शंभर डावांतून सुमारे 91 गुण मिळणे अपेक्षित असते. अंतर 200 असेल तर 76, आणि 20 असेल तर केवळ 53. आपल्या तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांत दोनशे-चारशेची अंतरे नेहमीचीच असल्यामुळे तेथे नशिबाला फारसा वाव मिळत नाही. ज्याला खेळ येतो तोच बहुधा जिंकतो. शिखरावर मात्र सगळेच सारखे तयार, सगळ्यांनी संगणकावर त्याच सुरुवाती घोटलेल्या, त्यामुळे कौशल्यातला फरक आटतो आणि निकालातला नशिबाचा हिस्सा फुगलेला दिसतो. सिंगापूरला गुकेशचे रेटिंग 2783 होते आणि डिंगचे 2728. या 55 गुणांच्या अंतराने चौदा डावांत गुकेशला आठाच्या किंचित वर गुण मिळायला हवे होते, मिळाले साडेसात. म्हणजे हिशेबाने पाहिले तर त्याच्या पदरात अपेक्षेपेक्षा थोडे कमीच पडले. त्या वर्षी डिंगचा खेळ रेटिंगपेक्षा बराच खाली घसरला होता हे लक्षात घेतले, तर तूट आणखी मोठी दिसते. नशीब जोरावर होते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

नशीब कमी करण्याचा उघड उपाय म्हणजे अधिक डाव खेळवणे. तोही करून झाला आहे. 1984 च्या सप्टेंबरात कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा जगज्जेतेपदाचा सामना जो आधी सहा डाव जिंकेल त्याचा विजय या अटीवर सुरू झाला आणि 48 डावांनंतर, त्यांतले 40 बरोबरीत सुटल्यावर, पुढच्या फेब्रुवारीत निकालाविनाच थांबवावा लागला.

दुसऱ्या टोकाला बाद पद्धतीची विश्वचषक स्पर्धा आहे, जिथे दोन डावांत घरी जावे लागते. 2025 मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीतल्या जलद डावात कोनेरू हंपीच्या हातून वेळेच्या ताणात चूक झाली खरी; पण त्याआधी दिव्याने द्वितीय मानांकित झू जिनर, द्रोणवल्ली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना ओळीने हरवले होते, आणि इतक्या जणींकडून ओळीने नशिबाची भेट मिळाली, असे मानायला मी तयार नाही.

खरे नशीब मला नियमांत दिसते. 2013 मध्ये लंडनच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, कार्लसन आणि क्रॅमनिक हे दोघेही शेवटच्या फेरीत हरले. दोघांचे साडेआठ गुण झाले आणि पाच विजय विरुद्ध चार विजय या नियमावर कार्लसन आनंदचा आव्हानवीर ठरला. आपल्या जिल्हा निवड स्पर्धांत तर याहून मौज असते. शेवटची फेरी संपते, भिंतीवर यादी लागते, पालक मोबाईल उंचावून फोटो काढतात आणि मग कळते, की दोन मुलांचे गुण सारखे असून एकाचे 'बुखोल्झ', म्हणजे त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, अर्ध्या गुणाने कमी आहे. म्हणजे त्याने पहिल्या फेरीत ज्याला हरवले, तो मुलगा पुढे हरत गेला किंवा कंटाळून घरी निघून गेला. यात त्या मुलाच्या खेळाचा संबंध काय? आयोजकांना माझी विनंती आहे, की निवडीच्या अखेरच्या जागेसाठी गुण सारखे झाले तर संगणकाच्या आकड्यावर न थांबता त्या दोघांना समोरासमोर बसवून दोन जलद डाव खेळू द्यावेत. त्याला तासभरही पुरतो, आणि सभागृह तेवढा वेळ मोकळे असतेच.

नमस्कार.